तुम्ही विचारलंत म्हणून: अशांतींचा राजा ठरतो कसा आणि उतरतो कसा

पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. तिथे राष्ट्राध्यक्ष आहेत, संसद आहे, मग कुमासी या अशांती लोकांच्या राजधानीत राजा काय करतो? आणि त्या राजाचा मुलगा राजा होत नाही म्हणतात, ते खरं का? पहिल्याचं उत्तर लांबचं आहे, दुसऱ्याचं सोपं: हो, खरं आहे. अशांतींमध्ये वारसा आईकडून येतो. मूल जन्मतं ते आईच्या कुळात. अशी मोठी कुळं आठ आहेत आणि कुमासीची गादी ओयोको या कुळातल्या राजघराण्याची. राजाची बायको बहुधा दुसऱ्या कुळातली असते, म्हणून राजाचा मुलगाही दुसऱ्या कुळाचा. तो बापाला कितीही लाडका असो, बापाच्या गादीवर त्याचा हक्क नाही. हक्क राजाच्या सख्ख्या भावाचा, बहिणीच्या मुलाचा, बहिणीच्या मुलीच्या मुलाचा. पहिल्या प्रेम्पेंनंतर 1931 साली गादीवर आले ते त्यांचे भाचे, दुसरे प्रेम्पे.

यावरून गादी आपोआप भाच्याकडे जाते असं मात्र समजू नका. पात्र पुरुष एका वेळी अनेक असतात आणि त्यांतून निवड करावी लागते. ही निवड सुरू करते एक बाई.

तिला असांतेहेमा म्हणतात. इंग्रजीतल्या सवयीने तिला 'राजमाता' म्हटलं जातं, पण ती राजाची आई असेलच असं नाही. बहीण असू शकते, मावशी असू शकते. तिचं स्वतःचं आसन असतं, स्वतःचं न्यायालय असतं, आणि भर दरबारात राजाला चार शब्द सुनावण्याचा अधिकार तिला परंपरेनेच आहे. राजा गेला की राजवाड्याच्या कारभाराचा प्रमुख, म्हणजे ज्यासेहेने, तिच्याकडे नवा माणूस मागतो. ती घराण्यातल्या वडीलधाऱ्यांशी बोलते आणि एक नाव सुचवते. कुमासीचे सरदार ते नाव पारखतात: स्वभाव कसा, हात सढळ आहे का, दारूचं व्यसन आहे का, अंगात व्यंग आहे का. नाव पसंत पडलं नाही तर ते परत पाठवतात. तिला अशा तीन संधी असतात. तिन्ही नावं नाकारली गेली तर सरदार स्वतः नाव पुढे करतात. म्हणजे असांतेहेमा एकटी राजा नेमू शकत नाही, आणि सरदारही तिला डावलून सुरुवात करू शकत नाहीत. घानातल्या लहानमोठ्या गाद्यांवरचे बरेच तंटे नेमके इथे जन्मतात. राजघराण्याच्या दोन शाखा असतात, गादी आळीपाळीने फिरावी असा समज असतो, एक शाखा आपली पाळी चुकली म्हणते, आणि बघता बघता एका गादीवर दोन राजे उभे राहतात.

निवडलेला माणूस आधी काय करत होता हे गौण. 1970 मध्ये निवडले गेलेले दुसरे ओपोकू वारे वकील होते आणि इटलीत राजदूत म्हणून जाण्यासाठी त्यांचं नाव ठरलेलं होतं. राजदूतपद बाजूला राहिलं. आजचे राजे दुसरे ओसेई तुतू 26 एप्रिल 1999 रोजी गादीवर आले, ते सोळावे. आधीचं नाव क्वाकू दुआ. राजा झाल्यावर पूर्वजाचं नाव घेतलं.

आता सोन्याच्या आसनाबद्दल, कारण त्याच्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस अशांतींची राज्यं वेगवेगळी होती आणि डेंक्यिरा या बलाढ्य राज्याला खंडणी देत होती. कुमासीचे ओसेई तुतू आणि त्यांचे पुरोहित ओकोम्फो अनोचे यांनी त्यांना एकत्र आणलं. 1701 मध्ये फेयियासेच्या लढाईत डेंक्यिराचा पराभव झाला. परंपरा सांगते की एका शुक्रवारी अनोचेंनी आकाशातून सोन्याचं आसन उतरवलं आणि ते ओसेई तुतूंच्या मांडीवर विसावलं. शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला कोफी म्हणतात, म्हणून त्या आसनाचंही नाव सिका द्वा कोफी, 'शुक्रवारचं सोन्याचं आसन'. सगळ्या अशांतींचा प्राण, म्हणजे सुनसुम, त्यात आहे. तेव्हा राजा मेला तरी राष्ट्र मरत नाही. आसन गेलं तर मात्र मरतं.

ते बैठं आसन आहे, साधारण 18 इंच उंच, वरची बैठक चंद्रकोरीसारखी वाकलेली, बाजूंना घंटा बांधलेल्या. त्याच्यावर कोणी बसत नाही, राजासुद्धा नाही. ते जमिनीला टेकत नाही. त्याला स्वतःची खुर्ची आहे, स्वतःची छत्री आहे. नव्या राजाला त्याच्यावर तीनदा अलगद खाली नेऊन वर उचलतात, स्पर्श होऊ न देता. एवढ्या क्रियेने तो असांतेहेने, म्हणजे सगळ्या अशांतींचा राजा, होतो. बाकीच्या आसनांवर माणसं बसतात, तीही वापरात नसताना आडवी करून ठेवतात, मोकळ्या बैठकीवर भलता आत्मा येऊन बसू नये म्हणून.

हे माहीत नसल्याची किंमत इंग्रजांनी मोजली. 4 फेब्रुवारी 1874 रोजी इंग्रज सेनापती वोल्सलीच्या फौजेने कुमासीत शिरून राजवाडा लुटला आणि शहर जाळलं; वर 50,000 औंस सोन्याची खंडणी लादली. 1896 मध्ये पहिल्या प्रेम्पेंनी युद्ध टाळण्यासाठी लढाईच दिली नाही, तरी त्यांना आईसह पकडून नेलं: आधी एल्मिना, मग सिएरा लिओन, आणि 1900 मध्ये सेशेल्स बेटं. थिबा राजाला ब्रह्मदेशातून उचलून रत्नागिरीत ठेवलं होतं, त्याच धोरणाचा हा भाग. एवढं होऊनही अशांती गप्प राहिले. पण 28 मार्च 1900 रोजी गव्हर्नर हॉजसनने कुमासीत जमलेल्या सरदारांना विचारलं की ते सोन्याचं आसन कुठे आहे, मी इंग्लंडच्या राणीचा प्रतिनिधी असून मला त्यावर का बसवलं नाही. एजिसू या अशांती राज्याच्या राणी 'या असांतेवा' (हे त्यांचं पूर्ण नाव) यांच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटलं आणि हॉजसन कुमासीच्या किल्ल्यात वेढला गेला. अशांती अखेर हरले, 'या असांतेवा' सेशेल्सच्या बंदिवासात 1921 मध्ये वारल्या, पण आसन इंग्रजांच्या हाती लागलं नाही. ते पुरून ठेवलं होतं. 1920 च्या सुमारास रस्त्याचं काम करणाऱ्यांच्या हाती ते लागलं आणि काहींनी त्याचे दागिने काढून विकले. तेव्हा उसळलेला शोक आणि संताप पाहून सरकारने आसनाला हात न लावण्याचं मान्य केलं. प्रेम्पे 1924 मध्ये परतले, 1926 मध्ये त्यांना फक्त कुमासीचा राजा मानलं गेलं, आणि संपूर्ण अशांती संघाची गादी 31 जानेवारी 1935 रोजी दुसऱ्या प्रेम्पेंच्या काळात परत मिळाली.

पण आसनाचा स्पर्शहीन विधी झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. त्यानंतर शपथ येते, आणि माझ्या मते या राजेपणाचा गाभा तीच. राजा म्पोम्पोन्सुओ नावाची राजतलवार हातात घेऊन सरदारांसमोर म्हणतो की मी तुमचा सल्ला ऐकला नाही, पूर्वजांनी चालवलं तसं राज्य चालवलं नाही, तर मी महाशपथ मोडली. ही महाशपथ पूर्वी ओढवलेल्या राष्ट्रीय संकटाची आठवण आहे. एरवी ती उच्चारणंसुद्धा गंभीर बाब. मग एकेक सरदार तलवार हाती घेऊन उलट शपथ घेतो: दिवसा बोलवा, रात्री बोलवा, आजारी नसलो तर येईन. शपथ दोन्ही बाजूंनी आहे, म्हणून मोडण्याचा हिशेबही दोन्ही बाजूंनी मागता येतो.

गादीवर बसणाऱ्या प्रमुखाला त्याच वेळी उपदेशही ऐकवतात, आणि तो गुळमुळीत नसतो. दारूच्या नादी लागू नकोस. जुगार खेळू नकोस. आम्हाला शिव्या देऊ नकोस. 'वेळ नाही' म्हणू नकोस. कोणाचं मूळ कुठलं ते उघड करू नकोस. शेवटची अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. जिंकलेली, पळून आलेली, विकत आणलेली माणसं अशांतींनी आपल्या कुळांत सामावून घेतली होती. मूळ उकरायला लागलं तर राज्यच उसवेल हे त्यांना ठाऊक होतं.

हे मोडलं तर राजाला उतरवता येतं. आरोप ज्यांनी गादीवर बसवलं त्यांनीच ठेवायचे. कोणीही उठून ठेवू शकत नाही. आरोप सिद्ध झाले तर परंपरेने खूण एकच: त्याच्या पायांतल्या चपला काढून घेतात. प्रमुखाचा अनवाणी पाय जमिनीला लागू द्यायचा नसतो, म्हणून नुसता तो पाय टेकला की तो सामान्य माणूस झाला. जुन्या रीतीत खालचं आसन ओढून त्याला जमिनीवर आदळत. कुमासीच्या गादीवरूनही राजे उतरवले गेले आहेत: 1874 च्या पराभवानंतर कोफी काकारी, आणि 1883 मध्ये मेन्सा बोन्सू.

चांगलं राज्य करून गेलेल्या राजाचं स्वतःचं लाकडी आसन काजळी, अंड्यातला बलक आणि बळीच्या रक्ताने काळं करून आसनगृहात ठेवतात. उतरवलेल्याला हा मान नाही. दर अदाएला, म्हणजे पूर्वजपूजेच्या ठरलेल्या दिवशी, राजा आत जातो आणि प्रत्येक काळ्या आसनाला कुस्करलेला याम हा कंद, उकडलेली अंडी आणि मद्य वाहतो. ही पूजा लोकांना दिसत नाही. लोकांना दिसतो तो नंतरचा दरबार: छत्र्या, सोन्याच्या मुठीच्या तलवारी, हस्तिदंती शिंगं, फोंतोमफ्रोमचे मोठे नगारे.

अदाएची तारीख काढणं सोपं आहे. अशांतींचा जुना आठवडा सहा दिवसांचा. तो सात दिवसांच्या आठवड्याबरोबर चालवला की 42 दिवसांचं चक्र होतं. रविवारची अदाए ती अक्वासिदाए. तिच्यानंतर 24 दिवसांनी बुधवारची अवुकुदाए, आणि तिच्यानंतर 18 दिवसांनी पुन्हा रविवारची. अशी नऊ चक्रं म्हणजे 378 दिवस, त्यामुळे इंग्रजी वर्षात अक्वासिदाए कधी आठ येतात, कधी नऊ.

आता पहिला प्रश्न. घानाच्या 1992 च्या राज्यघटनेने पारंपरिक राजेपदाला कलम 270 ने संरक्षण दिलं आहे. संसद कोणाला राजा ठरवू शकत नाही, काढूही शकत नाही. बदल्यात कलम 276 म्हणतं की राजाने पक्षीय राजकारण करायचं नाही. निवडणूक लढवायची असेल तर गादी सोडावी लागते. गादीचे तंटे राजांच्याच मंडळांच्या न्यायसमित्यांत चालतात आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोचतात. आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे 1971 मध्ये बंद झाले, पदव्या गेल्या. तिथे गादी हा जिवंत कारभार आहे.

आणि कारभाराचं खरं बळ जमिनीत आहे. अशांती प्रदेशातली पुष्कळ जमीन गादीच्या मालकीची मानली जाते. राजाच्या खासगी मालकीची नव्हे. ती विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येते, परदेशी माणसाला जास्तीत जास्त 50 वर्षं. उत्पन्नाची वाटणी घटनेतच आहे. 100 सेडी (घानाचं चलन) जमा झाले तर 10 जमिनींच्या सरकारी कार्यालयाला; उरलेल्या 90 पैकी 25 टक्के, म्हणजे 22.5, गादीच्या खर्चाला. 20 टक्के, म्हणजे 18, पारंपरिक सत्तामंडळाला. आणि 55 टक्के, म्हणजे 49.5, जिल्हा सभेला. बिघाड होतो तो याच्या बाहेर. पट्टा देताना राजाला पूर्वी मद्याची बाटली दिली जायची, तिची आता मोठी रोख रक्कम झाली आहे, आणि मुंबईच्या पागडीसारखी ती या वाटणीत धरलीच जात नाही. मग एकच तुकडा दोघांना देण्याचा मोह होतो, गाव विचारतं पैसा गेला कुठे, आणि चपला काढण्यापर्यंत गोष्ट जाते.

असांतेहेनेंचा शब्द मात्र अशांतीबाहेरही चालतो. उत्तरेतल्या दागबोनमध्ये 2002 साली राजाची हत्या झाली आणि गादी वर्षानुवर्षं अडून राहिली. दुसऱ्या ओसेई तुतूंच्या अध्यक्षतेखालच्या तीन राजांच्या समितीने गादीवर दावा सांगणाऱ्या दोन्ही घराण्यांत तोडगा काढला आणि जानेवारी 2019 मध्ये नवा राजा गादीवर बसला. सरकारला जमलं नव्हतं, कारण सरकार कोणत्याही पक्षाचं आलं तरी एका घराण्याला ते दुसऱ्याच्या बाजूचं वाटत होतं. राजाला पक्ष नाही.

कुमासीला जाणार असाल तर अक्वासिदाएचा रविवार गाठा. मान्हिया राजवाड्याच्या आवारात दरबार भरतो, आणि शेजारच्या संग्रहालयात, 1925 मध्ये प्रेम्पेंसाठी बांधलेल्या घरात, पूर्वी इंग्रजांकडे गेलेल्या काही राजवस्तू, त्यांतल्या बऱ्याच 1874 च्या लुटीतल्या, 2024 पासून आहेत: अमेरिकेतल्या फाउलर संग्रहालयाने सात कायमच्या परत केल्या, लंडनच्या दोन संग्रहालयांनी 32 फक्त उसन्या दिल्या. राजासमोर जायची वेळ आली तर चपला काढा, पायावर पाय टाकून बसू नका, डावा हात पुढे करू नका, आणि बोलायचं ते राजाशी थेट न बोलता ओचेआमेशी बोला. तो हातात सोनेरी मुठीची काठी घेतलेला माणूस. तुमचं म्हणणं तो राजाला सांगेल आणि राजाचं तुम्हाला.