खोली ३४ अंश, प्रोसेसर ९०: मे महिन्यातल्या नोंदी

९ मे

संध्याकाळी कॉम्प्युटरवर गेम सुरू केला की वीसेक मिनिटं सगळं लोण्यासारखं चालतं, मग फ्रेम अडखळायला लागतात आणि पंखा असा सुटतो की स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, "इतका काहून ओरडून राहिला रे तो डबा?" चार दिवस झाले हे चालू आहे. आज वही घेऊन बसलो.

मशीन दोन वर्षांपूर्वी मीच जोडलेलं. रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर, बी५५० बोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर थंड ठेवायला १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर. तापमान आणि वॅट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून, प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी सिनेबेंच आर२३ टेस्ट दहा मिनिटं चालवली. तिसऱ्या मिनिटालाच ९० अंश. या प्रोसेसरची मर्यादाच ९० आहे, तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक, म्हणजे वेग, खाली ओढतो. सगळ्या कोरवर ४ गिगाहर्ट्झच्या वर राहणारा गडी ३.८ वर आला.

ज्याला सांगितलं त्याचं एकच उत्तर, "अरे, नागपूरचा मे आहे, तापणारच." मलाही आधी तेच वाटलं. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलेलं शहर आहे आपलं, उन्हावर खापर फोडणं सोपं जातं. पण जानेवारीतली नोंद वहीत सापडली: खोली २२, प्रोसेसर ६१. फरक ३९. आज खोली ३४, प्रोसेसर ९०. फरक ५६.

इथेच गोम आहे. हवेवर चालणारा कूलर खोलीच्या तापमानाच्या वर ठरावीक अंशांवर प्रोसेसर धरून ठेवतो. खोली १२ अंशांनी तापली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जायला हवा, म्हणजे ७३. वरचे १७ अंश उन्हाचे नाहीत. म्हणून सांगतो, तापमान लिहाल तेव्हा शेजारी खोलीचंही लिहा, आणि थर्मामीटर टेबलावर नको, कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ ठेवा. प्रोसेसरचा कूलर तीच हवा ओढतो.

१० मे

कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर धुळीचा थर होता, आणि तो साधा कोरडा नव्हता. आमच्याकडे डेझर्ट कूलर खिडकीत, मशीन त्याच्या झोतात. वाळ्याच्या तट्ट्यांतून येणारी ओलसर हवा धुळीला चिकट करते. बोटाने ओढला तर नमदा निघावा तसा पट्टा निघाला. जाळी धुतली, टॉवरच्या पत्र्यांमधली धूळ ब्रशने काढली, मशीन झोतातून बाजूला सरकवलं. पुन्हा टेस्ट. पुन्हा ९०.

काहीच फरक नाही असं वाटून मी वैतागलो होतो. मग वॅटचा आकडा पाहिला. ५७००एक्स मूळ सेटिंगवर ७६ वॅटपर्यंत जातो. काल तो ६६ वर अडकला होता, आज ६९. प्रोसेसर थ्रॉटल होत (तापून वेग कमी करत) असताना अंशांकडे बघून काही कळत नाही, ते मर्यादेवर खिळलेले असतात. सुधारणा झाली की नाही ते वॅट सांगतात. हे मला आज पहिल्यांदा नीट उमगलं.

बाजूची काच काढून परत चालवलं. ७० वॅट. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये १७० वॅटपर्यंत उष्णता सोडतं, पण सिनेबेंचमध्ये ते शांत असतं, आणि काच काढूनही एका वॅटचाच फरक पडला. म्हणजे आतली कोंडलेली हवा हे मूळ दुखणं नाही. उष्णता प्रोसेसरवरून कूलरपर्यंतच पोचत नसणार.

१२ मे

बर्डीच्या बाजारातून प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायच्या पेस्टची ट्यूब आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं.

एएम४ (माझ्या प्रोसेसरचं सॉकेट) वाल्यांनी हे लक्षात ठेवा: कूलर थंड असताना सरळ वर ओढू नका. पेस्ट घट्ट झालेली असते आणि प्रोसेसर सॉकेटमधून तिच्यासकट उपटून येतो, पिना वाकतात. मी आधी दहा मिनिटं लोड दिला, मशीन बंद केलं, प्लग काढला, आणि कूलर डावी-उजवीकडे हलके पिळत सुटा केला.

पेस्टचा ठसा पाहिला आणि उत्तर समोर होतं. एका बाजूला ती इतकी पातळ की खालचा धातू दिसत होता, दुसऱ्या कोपऱ्यात जाड, राखाडी, नखाने खरवडावी अशी गादी. कूलर तिरका बसला होता. या प्रोसेसरमध्ये कोर असलेली चिप झाकणाच्या बरोब्बर मधोमध नसते, एका कडेला असते, आणि माझी जाड पेस्ट त्याच कडेला. कूलरचं ब्रॅकेट धरणारे चार खांब बोटांनी तपासले. तीन घट्ट, चौथा जवळपास दीड आटा सैल.

मार्चमध्ये आम्ही मानेवाड्याहून त्रिमूर्तीनगरला घर बदललं. मशीन टेम्पोत उभं ठेवलं होतं, कूलर बोर्डावर लटकलेला, रस्ता खड्ड्यांचा. तेव्हाच सैल झाला असावा. पुढच्या वेळी कूलर काढून नेणार, किंवा निदान कॅबिनेट आडवं ठेवून मांडीवर घेऊन बसणार.

खांब कसला, दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे केले, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट. स्प्रिंगचे दोन स्क्रू आहेत, ते आळीपाळीने दोन-दोन फेरे देत आवळले. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की कूलर पुन्हा कलतो.

टेस्ट: खोली ३५, प्रोसेसर ७४, पूर्ण ७६ वॅट. फरक ३९. जानेवारीचाच आकडा. मी तीनदा चालवून पाहिलं, तिन्ही वेळा ७४-७५. सिनेबेंचचा स्कोअर १२,७०० वरून १३,६०० वर. रात्री दोन तास खेळलो, एकदाही अडखळलं नाही.

२८ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस, सुरू होऊन चौथा दिवस. दुपारी लाईट गेली होती, डेझर्ट कूलर बंद, त्यामुळे लाईट आल्यावर खोली ३९ होती. मुद्दाम तेव्हाच टेस्ट घेतली. ७८.

मधल्या काळात बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायची सोय, सगळ्या कोरवर उणे १५ केला होता. वॅट तेवढेच, क्लॉक थोडा वर, लोड टेस्ट तासभर व्यवस्थित. पण परवा रात्री मशीन नुसतं रिकामं पडलेलं असताना आपोआप रिस्टार्ट झालं. कमी व्होल्टेजची खोट बरेचदा भर लोडवर दिसत नाही, हलक्या कामात दिसते. काल उणे १० केलं, रात्रभर मशीन तसंच चालू ठेवलं, सकाळी सुरू होतं. आठवडाभर असंच ठेवून मग दोन-दोन कोर वेगळे बघणार आहे.