पासपोर्ट भारताचा, मतदान लेस्टरमध्ये

मी भारताची नागरिक, पासपोर्ट आपला निळाच, आणि तरी ४ जुलै २०२४ ला इथे लेस्टरमध्ये ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत मतदान केलं, तेही पूर्ण कायदेशीर. घरी सांगितलं तर बाबांना पटेचना. नाशिकच्या सिडकोतले आमचे शेजारचे काका तर म्हणाले, "पोरी, भलत्या भानगडीत पडू नको, व्हिसा जाईल." काकांची भीती अगदीच बिनबुडाची नाहीये, कारण हेच अमेरिकेत केलं असतं तर खरंच सगळं गेलं असतं. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावंच, नाशिकची इतकी पोरं शिकायला, नोकरीला बाहेर चाललीत आणि कुठे आपल्याला मत आहे न् कुठे नाही हे त्यांना कोणी सांगतच नाही.

तर ब्रिटनचा नियम असा, की संसदेच्या निवडणुकीत ब्रिटिश नागरिक, आयर्लंडचे नागरिक आणि इथे राहणारे कॉमनवेल्थ, म्हणजे राष्ट्रकुल देशांचे नागरिक मत देऊ शकतात. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे वय १८ पूर्ण, राहायचा व्हिसा आणि इथला पत्ता असला की झालं, स्टुडंट व्हिसावालाही चालतो. याचं मूळ साम्राज्याच्या काळात आहे, तेव्हा सगळेच राजाचे प्रजाजन मानले जायचे, म्हणून तर दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून खासदार होऊ शकले. पुढे प्रजासत्ताक होऊनही आपण कॉमनवेल्थ सोडलं नाही आणि त्यांनीही हा हक्क काढून घेतला नाही.

पण याची दुसरी बाजू मला खरंच खुपते. माझ्यासोबत काम करणारी एक पोलिश बाई आहे, माझ्या कितीतरी आधीपासून इथे राहते, टॅक्स भरते, तिची मुलं इथल्याच शाळेत शिकली, आणि तिला संसदेसाठी मत नाही. आणि गेल्या सप्टेंबरमध्ये नाशिकहून मास्टर्सला आलेल्या पोराला आहे. युरोपियन युनियनमधल्या देशांपैकी आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर बाकीच्यांना संसदेसाठी मत देता येत नाही. हा हक्क आपल्याला इतिहासामुळे मिळालाय, तो तिलाही मिळायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि जोवर मिळत नाही तोवर ज्याला मिळालाय त्याने तो वाया तरी घालवू नये.

नाव नोंदवणं एकदम सोपं आहे. ऑनलाइन फॉर्म, त्यात नॅशनल इन्शुरन्स नंबर (इथे नोकरीसाठी मिळतो तो) टाकायचा, संपलं. उलट कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या महापालिकेकडून, नोंदणीचं पत्र येऊनही दुर्लक्ष करत राहिलात तर ८० पौंड दंड होऊ शकतो. शिवाय मतदार यादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअरलाही मदत होते, म्हणजे मोबाईलचा प्लॅन घेताना, लोन काढताना उपयोगच. मतदान गुरुवारी असतं, सुट्टी वगैरे काही नाही, पण सकाळी ७ पासून रात्री १० पर्यंत केंद्र उघडं असतं त्यामुळे शिफ्ट संपवूनही जाता येतं. आता फोटो आयडी लागतो, आणि त्यासाठी आपला भारतीय पासपोर्टच चालतो हे ऐकून आईला फार भारी वाटलं. ईव्हीएम नाही, कागदाच्या मतपत्रिकेवर पेन्सिलने फुली मारायची आणि पेटीत टाकायची. बोटाला शाई पण नाही.

अमेरिकेत मात्र चुकूनही असं काही करायचं नाही. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्ड आहे, तरी त्याला मत नाही. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस म्हणजे तिथल्या संसदेच्या निवडणुकीत नागरिक नसताना मत देणं १९९६ च्या कायद्याने गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि देशाबाहेरही काढू शकतात. तिकडे ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवर मतदार नोंदणीचं विचारतात, तिथे सवयीने हो म्हणून सही करू नका, पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ते अंगाशी येऊ शकतं. न्यूझीलंड याच्या अगदी उलट, तिथे पर्मनंट रेसिडेंट असाल आणि एक वर्ष राहिला असाल तर मत मिळतं.

आता आपल्याकडचं. २० मे २०२४ ला नाशिकला लोकसभेचं मतदान झालं, फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचे शाई लावलेल्या बोटाचे फोटो, आणि मी इथे कामावर. दोनच दिवसांनी इथले तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी भर पावसात उभं राहून इथली निवडणूक जाहीर केली. म्हणजे ज्या देशाची मी नागरिक नाही तिथे मी घरापासून चालत जाऊन मत दिलं आणि ज्या देशाची आहे तिथलं मत तसंच राहिलं, हे मनाला लागतंच.

तरी आपल्याला मत नाही असं नाहीये हां. २०१० मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून परदेशात राहणारा भारतीय नागरिक, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं नसेल तर, फॉर्म ६ए भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो. आमचं सिडकोचं घर म्हणजे विधानसभेला नाशिक पश्चिम. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची कॉपी जोडायची, मग बीएलओ, म्हणजे निवडणुकीच्या कामाचे बूथवरचे कर्मचारी, घरी येऊन कागदपत्रं बघतात, त्यामुळे घरच्यांना आधी सांगून ठेवा. वोटर कार्ड मिळत नाही, केंद्रावर ओरिजिनल पासपोर्ट दाखवायचा. आणि खरी अडचण इथेच आहे, मत द्यायला स्वतः नाशिकला यावं लागतं. २०२४ ला परदेशातल्या साधारण १ लाख १९ हजार मतदारांची नावं यादीत होती, त्यातल्या तीन हजारांनीही मतदान केलं नाही, आणि ज्यांनी केलं त्यातले बहुतेक केरळचे. ऐन मे महिन्यात तिकिटाचा खर्च करून एका मतासाठी कोण येणार?

आपल्याकडे दुसरी सोय नाहीच असंही नाही. देवळालीला तोफखान्यात जे जवान आहेत, दुसऱ्या राज्यातून आलेले, त्यांची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने येते आणि ते ती भरून पोस्टाने आपापल्या गावच्या मतदारसंघात पाठवतात. हीच पद्धत आम्हालाही द्यायला आपण तयार आहोत असं निवडणूक आयोगाने २०२० मध्ये कायदा मंत्रालयाला कळवलं होतं. त्याआधी २०१८ मध्ये आमच्या वतीने दुसऱ्या कोणी मत द्यायचं विधेयक लोकसभेत पास झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ ला लोकसभेची मुदत संपल्यावर रद्दच झालं. मला स्वतःला पोस्टाचा मार्ग जास्त पटतो, दुसऱ्याच्या हातात मत दिलं की घरातला मोठा माणूस ठरवेल तेच होणार.

सगळे विचारतात की तिकडचा पासपोर्ट घेऊन टाक ना, व्हिसाची कटकट संपेल. पण आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने दुसरं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं आपोआप जातं. दुसरीकडचं नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, फ्लॅट घेता येतो, पण मत कायमचं जातं. अमेरिकेतल्या भावाला तिथलं सरकार निवडायला मत हवं असेल तर ही किंमत मोजावीच लागणार, त्याला मी नावं ठेवणार नाही. मला मात्र भारतीय राहूनच दोन्हीकडे मत आहे, मग मी ते का सोडू? आयएलआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, तेवढी घेणार आणि तिथेच थांबणार.

माझा ६ए भरून झालाय. तुमच्या घरातलं कोणी बाहेर असेल तर त्याला हे पाठवा, आणि पुढच्या वेळी मत मागायला उमेदवार दारात आले की पाण्याच्या न् रस्त्यांच्या प्रश्नासोबत हेही विचारा, की आमची पोरगी परदेशात आहे, तिच्या पोस्टाच्या मताचं तुम्ही संसदेत काय करणार?