वाघाचा डबा

मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या शाळांमध्ये मी पुस्तकांची पेटी फिरवतो. पत्र्याची पेटी, मोटारसायकलला जुन्या ट्यूबनं करकचून बांधलेली. बहुतेक पुस्तकं सोळा पानी. कपाटात उभी ठेवली तर त्यांना कणाच दिसत नाही, म्हणून वर्गात सुतळी ताणतो आणि कपड्यांच्या चिमट्यांनी ती टांगतो. मुखपृष्ठ दिसलं तरच पोरं हात लावतात. पावसाळ्यात मधल्या पिना गंजतात, पानं सुटतात. मग पिन काढून दाभणानं जाड दोरा घालतो. सेलोटेप लावणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. ती पिवळी पडते आणि निघताना चित्र सोबत घेऊन जाते. माझी शिवलेली पुस्तकं पाच पावसाळे टिकली आहेत, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शाळेच्या कपाटातही पुस्तकं असतात, पण कुलपात. पुस्तक एकदा जडसंग्रह नोंदवहीत खुर्च्या-टेबलांच्या पंगतीत चढलं की फाटलं तरी जाब द्यावा लागतो. ते वहीतून कमी करायच्या, म्हणजे निर्लेखनाच्या, कागदांपेक्षा कुलूप सोपं. गुरुजींना दोष देत नाही. म्हणजे, थोडा देतोच.

तर गेल्या मंगळवारी चौथीतल्या एका मुलीनं वाघाचं पुस्तक मोठ्यानं वाचलं. कुठे अडखळली नाही. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पायऱ्या मुलांना कितपत वाचता येतं हे तपासणाऱ्या, २००५ पासूनच्या ‘असर’ पाहणीमुळे सगळीकडे रुळल्यात. आमचा तक्ताही त्याच वळणाचा. तिच्या नावापुढे ‘गोष्ट’वर खूण आहे, गेल्या वर्षी मीच केलेली. वाचता वाचता ‘वाघ झुडपामागे दबा धरून बसला’ हे वाक्य आलं. सहज विचारलं, "म्हणजे काय करत होता गं?"

ती गप्प. सोबतच्या ताईनं कोरकूत, तिच्या घरच्या भाषेत, विचारलं. उत्तर ऐकून ताई ओढणीआड हसायला लागली. वाघ डबा घेऊन बसला होता.

हसलो मीही. म्हटलं, मग चित्रात डबा कुठाय? मुलीनं चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. ताईनं खोदून विचारल्यावर जे बोलली त्याचं ताईनं केलेलं मराठी असं: "पुस्तकात असंच राहते."

माझं हसू तिथं थांबलं. चुकली असती तर दुरुस्त केलं असतं. पण पुस्तकातलं आपल्याला कळायचं असतं, ही अपेक्षाच तिनं कधी धरली नव्हती. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचं गणगोत संथाळी, मुंडारी, तिकडे झारखंडात. मराठी तिची लांबची मावशीही लागत नाही. आणि आम्ही या पोरांच्या हातात वाक्प्रचारांनी ठासून भरलेली पुस्तकं देतो, वर भेटीला येणारे पाहुणे विचारतात, किती पुस्तकं वाटली?

एवढ्यात दुसरीतला एक पोरगा सरकत पुढे आला. तक्त्यात ‘अक्षर’वर अडकलेला. चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "कुला मामा!" इकडे वाघाला कुला मामा म्हणतात. मग पोट फरशीला चिकटवून पालथा पडला, कोपरं बाहेर काढली, हनुवटी खाली, आणि नजर न हलवता वीतभर पुढे सरकला. वर्ग चिडीचूप. ताईनं विचारलं, "याला मराठीत काय म्हणता, सर?"

"दबा धरणं," मी म्हणालो.

संध्याकाळी तक्ता भरायला घेतला. पोराची खूण ‘अक्षर’वर, पोरीची ‘गोष्ट’वर; बदलायची म्हटली तर न्यायची कुठे, तसा रकानाच नाही. गेल्या तीन वर्षांच्या ‘गोष्ट’वाल्या खुणा मोजायला बसलो आणि वही मिटली.

निघताना मुलीनं देवघेव वहीत सही करून दुसरं पुस्तक घेतलं होतं. मी पेटी बांधत होतो तेव्हा ती पायरीवर बसून खड्या आवाजात वाचत होती. ओळी संपल्या की पान उलटत होती, चित्रावर नजर न टाकता.