हनन्याला विचारलेले दोन प्रश्न

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा यांची हकिगत येते. त्यांनी आपली जमीन विकली, आलेल्या पैशांतला काही भाग स्वतःकडे ठेवून घेतला आणि उरलेली रक्कम, जणू हीच संपूर्ण किंमत आहे अशा थाटात, प्रेषितांच्या चरणी आणून ठेवली. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला आधी विचारतो की सैतानाने तुझे मन असे का भरवले. आणि त्याच दमात, लगेच पुढच्या वचनात, विचारतो की हे कृत्य करण्याचे तू आपल्या मनात का आणलेस. जमीन होती तोवर ती तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच स्वाधीन होता, याची आठवणही तो मधल्या मध्ये करून देतो. पहिल्या प्रश्नात कर्ता सैतान आहे, दुसऱ्यात हनन्या आहे, आणि कृत्य मात्र एकच आहे. पेत्राला यात काही विसंगती वाटलेली दिसत नाही. सप्पीरा तीन तासांनी येते तेव्हा तिच्यापुढे तर तो सैतानाचे नावही काढत नाही. जमीन एवढ्यालाच विकली का, इतकेच विचारतो, म्हणजे खरे बोलण्याची वाट तिच्यासाठी मोकळी ठेवतो.

ख्रिस्ती जीवनात सैतानाचा वाटा किती आणि माणसाचा किती, या वादाची दोन्ही टोके या दोन वचनांत आली आहेत असे मला वाटते. आमच्या मंडळ्यांनी (म्हणजे चर्चनी), निदान मी ज्यांत वावरलो त्यांनी, पहिला प्रश्न जिवापाड जपला आहे आणि दुसरा हळूहळू सोडून दिला आहे, ही माझी तक्रार आहे.

प्रार्थनासभांमध्ये आता प्रत्येक दोषासाठी एकेक आत्मा ठरलेला असतो, आणि तो काढण्यासाठी ‘सुटकेची सभा’ भरते. रागाचा आत्मा, दारूचा आत्मा, व्यभिचाराचा आत्मा. अभ्यास न करणाऱ्या मुलावर आळसाचा आत्मा असल्याचेही मी ऐकले आहे. कर्ज थकले तरी शत्रूचे काम आणि भावाभावांत वाटणीवरून बिनसले तरी शत्रूचेच काम. एका घरगुती सभेत एका गृहस्थांनी दिलेली साक्ष, म्हणजे देवाने आपले आयुष्य कसे बदलले याचे जाहीर कथन, माझ्या मनातून जात नाही. बायकोवर आपण हात उचलत होतो हे त्यांनी सांगितले, पण ज्या शब्दांत सांगितले ते असे होते : सैतानाने माझ्या हाताचा उपयोग केला, पण सुटकेच्या सभेत पाळकसाहेबांनी बंधन तोडले आणि आता मी मोकळा आहे. सगळ्यांनी ‘हालेलुया’ म्हटले. त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दाराशी चहाच्या कपांचा ट्रे घेऊन साक्ष संपण्याची वाट पाहत उभी होती. त्या संपूर्ण साक्षीत तिचा उल्लेख ‘माझे कुटुंब’ एवढाच आला, आणि तिची क्षमा मागितल्याचे एक वाक्यही आले नाही. क्षमा मागणार तरी कशी? जे केले ते सैतानाने केले असेल, तर देणे त्याचे लागते, नवऱ्याचे नव्हे.

या भाषेची ओढ का वाटते हे मला कळत नाही असे नाही. दारूने खंगलेल्या माणसाला ‘तू वाईट आहेस’ असे ऐकून ऐकून कंटाळा आलेला असतो, आणि ‘तुझ्यावर काहीतरी आहे, ते निघेल’ हे वाक्य त्याला पहिल्यांदाच थोडी आशा देते. बायकांनाही ते पुष्कळदा हवेसे वाटते, कारण ज्या माणसाबरोबर संसार करायचा तो मुळात भला आहे आणि दोष बाहेरून आलेल्या कशाचा तरी आहे असे मानले की माहेरी-सासरी तोंड दाखवणे सोपे जाते. पाळकांचीही सोय होते. तासाभराच्या प्रार्थनेत जे निकालात निघते, त्यासाठी वर्षभर त्या घरी जाऊन बसावे लागत नाही. या तिन्ही गरजा खऱ्या आहेत. त्यांवर दिलेला उपाय मात्र शास्त्रात सापडत नाही.

शुभवर्तमाने, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारी बायबलमधली पुस्तके, या दृष्टीने पुन्हा वाचली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. गरसेकरांच्या प्रदेशातला, कबरस्तानात राहणारा, साखळदंड तोडणारा, ‘माझे नाव सैन्य’ म्हणणारा जो माणूस मार्कच्या पाचव्या अध्यायात भेटतो, त्याला येशू पश्चात्ताप करायला सांगत नाही. त्याच्यातून निघालेले आत्मे सुमारे दोन हजार डुकरांच्या कळपात शिरतात, कळप समुद्रात बुडतो, आणि तो माणूस वस्त्रे नेसून शुद्धीवर आलेला बसलेला दिसतो. त्याच्या पापाचा कुठे उल्लेख नाही. मग्दालीया मरीयेतून सात भुते निघाली असे लूक सांगतो, पण तिचे एकही पाप सांगत नाही. याउलट जक्कयाने लोकांना लुबाडले होते, शोमरोनी स्त्रीच्या आयुष्यात पाच नवरे होऊन गेले होते, पेत्राने येशूला तीनदा नाकारले होते. यांच्यापैकी कोणातूनही येशूने भूत काढले नाही. पेत्राच्या बाबतीत तर सैतानाने तुम्हाला गव्हासारखे चाळायला मागितले आहे असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. तरीही कोंबडा आरवल्यावर पेत्राने सैतानाला दोष दिला नाही. तो बाहेर जाऊन रडला. भूतग्रस्त हे शुभवर्तमानांत पीडित आहेत आणि पापी हे जबाबदार आहेत, आणि या दोन रांगा येशूने कुठे एकत्र केलेल्या मला आढळत नाहीत.

आम्ही त्या एकत्र केल्या, आणि त्यातून दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय झाला.

हा घोळ नवा आहे असेही नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने लिहून ठेवले आहे की काही भोळे विश्वासणारे असे समजतात, की सैतान नसता तर कोणी पापच केले नसते. त्याचे उत्तर साधे आहे : भूक आणि तहान सैतानाने निर्माण केलेली नाही, तशी वयात आल्यावर शरीरात जागी होणारी वासनाही त्याने निर्माण केलेली नाही, या स्वाभाविक ओढींना माणसाने लगाम घातला नाही, की त्या ढिलाईचा फायदा विरोधी शक्ती घेतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस हा संन्यासी तर दुष्टात्म्यांविषयी रोज उठून लिहिणारा माणूस होता, पण त्याचेही म्हणणे असे की वाईट विचारांनी आपल्याला सतवावे की नाही हे आपल्या हाती नसले, तरी ते मनात रेंगाळावेत की नाही हे आपल्या हाती आहे. माणसाची इच्छा स्वतंत्र नाही असे ठासून सांगणारा मार्टिन ल्यूथरही, ज्याने १५२५ साली इच्छास्वातंत्र्य मानणाऱ्या इरॅस्मस या पंडिताला उत्तर देताना इच्छेला देव किंवा सैतान यांपैकी एकजण स्वार होणाऱ्या जनावराची उपमा दिली, तिथेच हेही सांगतो की देवाच्या आत्म्यावाचूनचा माणूस मानगूट धरून ओढून नेल्यासारखा, नाइलाजाने पाप करत नाही. तो ते राजीखुशीने करतो. म्हणजे इच्छास्वातंत्र्याच्या वादात ज्याने सर्वांत कमी स्वातंत्र्य मान्य केले, त्यानेही माणसाला सबब दिली नाही.

जुन्या करारात याचे सर्वांत चांगले उदाहरण दावीद राजाचे आहे. पहिल्या इतिहासाच्या एकविसाव्या अध्यायाची सुरुवातच अशी, की सैतानाने दाविदाला इस्राएलाची शिरगणती करायला चिथावले. (हीच घटना दुसऱ्या शमुवेलात परमेश्वराच्या कोपाशी जोडलेली आहे, तो प्रश्न वेगळ्या लेखाचा.) चिथावणी आली तेव्हा दावीद एकटा नव्हता. योआब, जो एरवी कोणाचा जीव घेताना कचरला नाही असा सेनापती, तो स्वतः धन्याला विचारतो की हे कशाला, इस्राएलाला दोष का लावून घेता. राजाच्या शब्दापुढे योआबाचे चालत नाही. पुढे परिणाम समोर आल्यावर दावीद ‘मी मोठे पाप केले’ असे म्हणतो, आणि मरीने लोक मरत असताना ‘पाप करणारा मीच, या मेंढरांनी काय केले’ असे म्हणतो. चिथावणी सैतानाची होती ही माहिती आपल्याला निवेदक देतो. दाविदाच्या तोंडी ती एकदाही येत नाही.

आता दुसऱ्या, म्हणजे पीडितांच्या, रांगेविषयी, कारण तिथला अन्याय जिवावर बेतू शकतो. ज्याला खरोखर आजार आहे त्याला आम्ही सैतानाच्या खाती टाकतो, आणि प्रार्थना करूनही तो बरा झाला नाही की त्याच्याच विश्वासात खोट काढतो. जर्मनीत बव्हेरियातल्या क्लिंगेनबर्ग गावी अपस्माराचे निदान झालेली एक विद्यार्थिनी महिनोन्‌महिने चाललेल्या भूत काढण्याच्या विधींनंतर १ जुलै १९७६ रोजी उपासमारीने मरण पावली. ती २३ वर्षांची होती, आणि विधीला बिशपची रीतसर परवानगी होती. १९७८ मध्ये न्यायालयाने तिच्या आईवडिलांना आणि दोन धर्मगुरूंना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवले. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ आज स्पष्ट सांगतो की आजार, विशेषतः मानसिक आजार, ही वेगळी बाब असून तिच्यावर उपचार करणे वैद्यकशास्त्राचे काम आहे, आणि विधीपूर्वी समोर आजार नाही याची खात्री करून घेतली पाहिजे. आमच्या स्वतंत्र मंडळ्यांत ना बिशप असतो ना अशी अट. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणे आणि मारहाण करणे हा गुन्हा मानतो, आणि तो धर्म पाहून लागू होत नाही, हे आमच्यातल्या किती पाळकांनी आपल्या सेवकांना सांगितले असेल याची मला शंका आहे.

सैतान नाही असे मी म्हणत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचा त्याग करतो, प्रभूच्या प्रार्थनेत त्याच्यापासून सुटका मागतो, आणि हे दोन्ही मी मनापासून म्हणतो. पण इफिसकरांस पत्रात पौलाने त्याला कोणत्या संदर्भात आणले आहे ते पाहावे. राग आला तर पाप करू नका, सूर्य मावळेपर्यंत राग राहू देऊ नका, आणि सैतानाला वाव देऊ नका. राग येतो कुठून याची चर्चा नाही. वाव देणारा मी, न देणाराही मीच, आणि त्यासाठी मुदत दिली आहे ती आजच्या संध्याकाळपर्यंतची. त्या साक्ष देणाऱ्या गृहस्थांच्या घरी अशा किती संध्याकाळी हातच्या गेल्या असतील आणि त्या प्रत्येक वेळी ते काय ठरवत होते, हे त्यांनी सांगितले असते तर ती साक्ष मला जास्त खरी वाटली असती.

या बाबतीत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसवाले आमच्यापेक्षा सरळ निघाले असे मला अनेकदा वाटते. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालेली, दारू सोडू पाहणाऱ्यांची ही चळवळ पहिल्याच पायरीला माणसाकडून कबूल करून घेते की दारूपुढे माझे काही चालत नाही. इतकी हतबलता तर आमच्या सुटकेच्या सभेतही कोणी मान्य करत नाही. पण तिथे माणसाला थांबू देत नाहीत. आठव्या पायरीला, आपण ज्यांचे ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करावी लागते, आणि नवव्या पायरीला, त्या माणसाला आणखी इजा होणार नसेल तर, त्याच्याकडे स्वतः जाऊन भरपाई करावी लागते. जक्कयाने हेच केले होते; अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत, हे त्याने उभे राहून, सगळ्यांसमोर, आकड्यांत सांगितले.

आमच्याकडे सुटकेची प्रार्थना बंद करावी असे माझे म्हणणे नाही. जो मागेल त्याच्यासाठी ती जरूर करावी, त्याच्या डोक्यावर हात ठेवावेत, तेल लावायचे तर लावावे. मात्र आजाराची शंका असेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवावे, आणि त्याने कोणाला दुखावले असेल तर ‘आमेन’ झाल्यावर पाळकांनी त्याला बाजूला घेऊन विचारावे, की कोणाचे किती देणे आहे, बायकोशी या विषयावर बोलणे झाले आहे का, आणि तिची तयारी असेल तर त्या वेळी मंडळीतली कोणी वडीलधारी बाई तिच्या शेजारी बसायला हवी आहे का. साक्ष त्यानंतर ठेवावी, आणि ती द्यायची की नाही हे ठरवताना तिलाही विचारावे.