तुम्ही विचारलंत म्हणून: फिल्म रवाळ का?

सीटी स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरून पेशंटचे नातेवाईक मला हमखास विचारतात, "अहो, ही अशी रवाळ का आलीय? मशीन जुनं झालंय का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रोज सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी मी पाण्यानं भरलेला एक गोल डबा स्कॅन करतो. त्याला आम्ही फँटम म्हणतो. चित्राच्या मधोमध माउसनं वर्तुळ काढलं की दोन आकडे येतात. पहिला सरासरीचा. तो शून्याच्या आसपास हवा, कारण सीटीच्या मोजपट्टीवर पाणी 0 आणि हवा उणे 1000. दुसरा स्टँडर्ड डेव्हिएशनचा. पाणी सगळीकडे सारखंच, तरी प्रत्येक बिंदूचं रीडिंग थोडं मागेपुढे होतं. हाच नॉइज, तुम्हाला दिसणारा रवा.

एक्स-रेचे कण डिटेक्टरवर पावसाच्या थेंबांसारखे पडतात, कुठे चार जास्त, कुठे चार कमी. किरणं वाढवली की रवा घटतो, पण तो निम्मा करायचा तर डोस चौपट लागतो. आणि तो चौपट डोस तुमच्या माणसाच्या अंगात जातो.

म्हणून आधी बघायचं, शोधायचंय काय. मुतखडा असेल तर भोवतालचा मऊ भाग 30-40 च्या घरात आणि खडा बहुतेकदा कित्येकशे. रवा 25 चा असला तरी खडा लपत नाही. यकृतातली गाठ मात्र कधीकधी शेजारच्या भागापेक्षा जेमतेम 10-15 नं वेगळी असते. तोच रवा तिला गिळून टाकतो. तिथे मी डोस वाढवतो, बिनदिक्कत. दोन भागांतला फरक भागिले नॉइज, हे आमचं माप. त्यात गाठ लहान असली की आणखी अवघड, कारण नजरेला सरासरी काढायला बिंदूच कमी मिळतात.

सॉफ्टवेअरनं रवा पुसता येतो, आम्ही पुसतोही. पण जास्त पुसलं की बारीक गाठीची कडही त्यासोबत जाते. गुळगुळीत चित्राची मला म्हणूनच धास्ती वाटते.

परवा पोटात कळा येणाऱ्या एका पंचविशीतल्या मुलाची फिल्म अशीच रवाळ होती. वडिलांनी तोच प्रश्न विचारला. मी मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाशी बोट ठेवलं. 4 मिलिमीटरचा पांढरा ठिपका. त्यांना तो चष्म्याशिवाय दिसला.