तीच रेसिपी, मग बिअर वेगळी का?

तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहिते आहे. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "तुमची अमेरिकन पेल एलची रेसिपी अगदी ग्रॅम मोजून केली, तरी माझी बिअर तुमच्यासारखी का नाही झाली?" कुणाची जास्तच कडू झालेली असते, कुणाची पाणचट लागते, कुणाला पहिल्या घोटानंतर घशाशी स्पिरिटसारखी आग जाणवते. रेसिपी दिलेली मीच, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं.

रेसिपीतले ग्रॅम ज्याच्या त्याच्या भांड्याचे असतात. माझं मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) किती बारीक भरडलं जातं, माझ्या हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) पाकिटावर कोणता आकडा छापलाय, माझा फर्मेंटर, म्हणजे आंबवण्याचं भांडं, किती गार राहतो, हे सगळं त्या ग्रॅमांत आधीच धरलेलं असतं आणि कागदावर मात्र कुठेच दिसत नाही. म्हणून मी रेसिपी देताना आधी चार आकडे देते आणि वजनं नंतर सांगते. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर जितकी जास्त तितकी ती जास्त) १.०५५, आंबून झाल्यावरची शेवटची १.०१२, कडवटपणा साधारण ३२ आयबीयू (कडवटपणाचं एकक) आणि आंबवण्याचं तापमान १८ ते १९ अंश सेल्सिअस. हे चार आकडे तुमच्या भांड्यात जमले, तर वजनं माझ्यापेक्षा वेगळी असली तरी चव जवळपास तीच येईल.

आता वजनं. फर्मेंटरमध्ये १९ लीटर उतरेल असा हिशेब धरलाय. साडेचार किलो पेल मॉल्ट आणि ३५० ग्रॅम क्रिस्टल मॉल्ट, ४० लोव्हिबाँडचं (हे रंगाचं माप). ६७ अंशांवर तासभर मॅश, म्हणजे भरडलेलं मॉल्ट गरम पाण्यात भिजत ठेवायचं, मग तासभर उकळी. कॅस्केड हॉप्स तीनदा: २८ ग्रॅम उकळीच्या सुरुवातीला, २८ ग्रॅम शेवटची २० मिनिटं उरली असताना, २८ ग्रॅम शेवटच्या ५ मिनिटांसाठी. आंबणं संपत आलं की आणखी ४० ग्रॅम थेट फर्मेंटरमध्ये. यीस्ट चिको वंशाचं (सिएरा नेवाडा ब्रूअरीच्या यीस्टच्या कुळातलं), कोरडं असेल तर ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. आणि सगळ्यात आधी, तुम्ही राहता तिथल्या कायद्यानं घरी बिअर करायला परवानगी आहे का, ते पाहून घ्या.

चिको हे उत्तर कॅलिफोर्नियातलं गाव. केन ग्रॉसमन आणि पॉल कॅमुसी यांनी तिथे सिएरा नेवाडा ब्रूअरी उभी केली आणि १९८० साली पेल एल करायला घेतली. ग्रॉसमन त्याआधी स्वतः घरी बिअर करायचे, घरगुती ब्रूइंगच्या सामानाचं दुकानही चालवायचे. अमेरिकेत घरी बिअर करण्यावरची केंद्राची बंदी उठवणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी १९७८च्या ऑक्टोबरात सही केली होती. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, विकायची मात्र नाही. ऑरेगनमध्ये पैदास झालेलं कॅस्केड हे हॉप्सचं वाण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर आलं होतं. ग्रेपफ्रूटची साल आणि फुलांचा वास असलेलं हे वाण सिएरा नेवाडानं भरपूर वापरलं, आणि अमेरिकन पेल एल म्हटलं की आज जो वास डोळ्यांपुढे येतो तो तिथून रुजला. घरी बिअर करणारे लोक आपल्या रेसिप्या एकमेकांना मोकळेपणानं देतात, ही मला या छंदातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. म्हणूनच दिलेली रेसिपी समोरच्याच्या हातात फसली की मनापासून वाईट वाटतं.

मॉल्टपासून सुरुवात करू. मॅशमध्ये गरम पाणी आणि मॉल्टमधली एन्झाइम्स मिळून स्टार्चची साखर करतात, पण ती सगळी साखर तुमच्या भांड्यात उतरत नाही. काही दाण्यांतच अडकते, काही चोथ्याबरोबर जाते. जेवढा भाग हाती लागतो त्याला एफिशियन्सी म्हणतात. माझी रेसिपी ७० टक्क्यांवर बेतलेली आहे. तुमची ६० टक्के असेल, तर त्याच साडेचार किलोतून तुम्हाला १.०५५ ऐवजी १.०४७ च्या आसपास ग्रॅव्हिटी मिळेल. अल्कोहोल साडेपाच टक्क्यांवरून पाचच्या खाली येईल. त्याहून जाणवेल ते असं की कडवटपणा तेवढाच राहील आणि त्याला पेलणारं मॉल्टचं अंग मात्र हलकं होईल. "पाणचटही लागते आणि कडूही" असं जे कळवतात, त्यांचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

उपाय सोपा आहे. पेल मॉल्ट साडेचारऐवजी सव्वापाच किलो घ्या, क्रिस्टल आहे तेवढंच ठेवा, कारण त्याचं काम रंगाचं आणि कॅरमेलसारख्या गोडीचं आहे. ते वाढवलं की हॉप्सचा ताजेपणा झाकला जातो. पण आपली एफिशियन्सी किती हे कळायला मोजावं लागतं. हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून ग्रॅव्हिटी मोजायची नळी) वापरा, वॉर्ट (मॉल्टमधून निघालेलं, अजून न आंबलेलं गोड पाणी) २० अंशांपर्यंत निवू द्या आणि मग वाचा. गरम वॉर्ट पातळ असतं आणि आकडा कमी दाखवतं. काही हायड्रोमीटर १५.६ अंशांसाठी बनवलेले असतात, ते त्यांच्यावर लिहिलेलं असतं. आकडा फारच खाली येत असेल तर आधी भरडणं पाहा. दाणा फुटायला हवा, टरफल मात्र शक्यतो अख्खं राहायला हवं. नुसता चेपलेला दाणा साखर सोडत नाही.

गॅलनमधली रेसिपी असेल तर ती कोणत्या देशातली आहे तेही पाहा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लीटरचा, ब्रिटिश ४.५४६ लीटरचा. पाच गॅलन म्हणजे एकीकडे १९ लीटर आणि दुसरीकडे जवळजवळ २३.

मॉल्ट एक्स्ट्रॅक्टवर (मॉल्टच्या साखरेचा तयार पाक किंवा पूड) आधारलेली रेसिपी मात्र एका घरातून दुसऱ्या घरात बरीच सुखरूप पोचते, कारण साखर काढायचं काम कारखान्यात आधीच झालेलं असतं. व्हाइट हाउसनं २०१२ साली आपल्या हनी ब्राउन एलची कृती जाहीर केली, तिचा मुख्य आधार एक्स्ट्रॅक्टच होता. नवीन माणसाला मी आजही तिथूनच सुरुवात करायला सांगते. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आता हॉप्स. सगळ्यात जास्त गडबड इथे होते, आणि ती टाळणं सगळ्यात सोपं आहे. हॉप्समधली अल्फा ॲसिड्स उकळीत रूप बदलतात आणि त्यातून कडवटपणा येतो. किती अल्फा ॲसिड आहे ते पाकिटावर टक्क्यांत छापलेलं असतं, आणि एकाच वाणातही ते पीक, शेत आणि वर्षानुसार बदलतं. माझा ३२ आयबीयूचा हिशेब साडेपाच टक्क्यांच्या कॅस्केडवर केलेला आहे. तुमच्या हाती आठ टक्क्यांचं पाकीट आलं आणि तुम्ही इमानदारीनं तिन्ही वेळा २८ ग्रॅमच घातले, तर ३२ चे ४७ होतात. नाव तेच, वजन तेच आणि बिअर दीडपट कडू! उलट पाकीट जुनं असेल, उघडून महिनोन् महिने बाहेर पडलेलं असेल, तर अल्फा ॲसिड घटलेलं असतं आणि वासात चीजसारखी झाक येते. हॉप्स हवाबंद करून फ्रीझरमध्येच ठेवावेत.

म्हणून सुरुवातीला घालायच्या हॉप्सचं वजन पाकिटावरच्या टक्क्यानं बदला. साडेपाच गुणिले २८, भागिले तुमचा टक्का. आठ टक्के असेल तर १९ ग्रॅम पुरतात. शेवटी घालायचे हॉप्स वासासाठी असतात, तिथे मी वजनाला सहसा हात लावत नाही; वाढलेला थोडा कडवटपणा पहिल्या वेळच्या हॉप्समधून आणखी काढून घेते.

आणखी एक गोष्ट कुठल्याच रेसिपीत लिहिलेली नसते: आच बंद केल्यावर वॉर्ट किती वेळात निवतं. साधारण ८० अंशांच्या वर अल्फा ॲसिड्सचं रूपांतर चालूच राहतं. माझ्याकडे तांब्याची गुंडाळी आहे, तिच्यातून गार पाणी सोडलं की वॉर्ट झटपट उतरतं. तुम्ही झाकण ठेवून रात्रभर निववत असाल, तर तुमचे ५ मिनिटांचे हॉप्स प्रत्यक्षात बराच वेळ कडवटपणा सोडत बसतात आणि ज्यासाठी ते घातले तो वास उडून जातो. मग माणूस म्हणतो, कडू झाली आणि घमघमाटही नाही. त्यात माझ्या ग्रॅमांचा दोष नसतो, तुमच्याही नसतो.

पाण्याबद्दल थोडंच सांगते. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असेल तर बिअरला दवाखान्यासारखा वास येऊ शकतो. क्लोरीन उकळून जातं, क्लोरामाइन सहजासहजी जात नाही. त्यासाठी मेटाबायसल्फाइटची चिमूट पुरते. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि नेमका लागतो, क्लोराइड जास्त असेल तर बिअर गोलसर, भरलेली वाटते. पेल एलला मी सल्फेटकडे झुकतं माप देते, म्हणजे थोडं जिप्सम (कॅल्शियम सल्फेट). पण पहिल्या बॅचला हे सगळं बाजूला ठेवलंत तरी चालेल.

बाजूला ठेवता येत नाही ते तापमान. मला एकच आकडा सांगायची मुभा असती तर मी हाच सांगितला असता. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता बाहेर पडते, त्यामुळे जोरात आंबत असताना फर्मेंटरच्या आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही जास्त असतं. खोली २४ अंशांवर असेल तर यीस्ट २८ अंशांत काम करतंय. इतक्या उष्णतेत ते घाई करतं, जड अल्कोहोल्स तयार करतं, आणि घशाशी लागणारी ती आग इथून येते. चिको वंशाचं यीस्ट स्वभावानं स्वच्छ आहे. १८-१९ अंशांवर ते जवळपास अदृश्य राहून मॉल्ट आणि हॉप्सला पुढे करतं, आणि पेल एलमध्ये नेमकं तेच हवं असतं. गडद, भाजक्या मॉल्टच्या बिअरमध्ये थोडंफार लपून जातं. इथे लपायला जागाच नाही.

यासाठी खास फ्रिज हवाच असं नाही. फर्मेंटर पाण्याच्या टबात उभा करा, पाण्यात गोठवलेल्या बाटल्या सोडा, सकाळ-संध्याकाळ बदला. फर्मेंटरच्या अंगाला थर्मामीटर चिकटवा आणि हवेचं नाही, त्याचं तापमान पाळा. पहिले तीन दिवस महत्त्वाचे, कारण चव बहुतांशी तेव्हाच ठरते. जोर ओसरला की २०-२१ अंशांपर्यंत चढू द्या, म्हणजे यीस्ट आपला मागचा पसारा स्वतःच आवरतं. आणि यीस्ट घालतानाच वॉर्ट १८ च्या आसपास असू द्या. गरम वॉर्टमध्ये यीस्ट घालायचं आणि मग गार करायचं, हे नको.

बाटल्या भरण्यापूर्वी ग्रॅव्हिटी दोन-तीन दिवस एकाच आकड्यावर थांबलेली असायला हवी. बाटलीत फेस धरायला लीटरमागे सुमारे ६ ग्रॅम साखर पुरते. आंबणं अर्धवट असताना बाटली बंद केली तर ती फुटू शकते, तेव्हा इथे घाई कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. भरताना बिअर वरून धो धो ओतू नका. नळी तळापर्यंत न्या. आंबून झाल्यावर आत गेलेला ऑक्सिजन हॉप्सचा वास मारतो, आणि रंगही तपकिरीकडे जातो. बाटल्या तपकिरी काचेच्या घ्या आणि अंधारात ठेवा.

पुन्हा विचारायला याल तेव्हा चव कशी आहे याबरोबर एवढं लिहून आणा: दोन्ही ग्रॅव्हिटी, पाकिटावरचा अल्फाचा टक्का, वॉर्ट निवायला लागलेला वेळ आणि पहिल्या तीन दिवसांतलं फर्मेंटरचं तापमान. एवढं हाती असलं की काय बदलायचं ते मला बहुधा सांगता येतं. नसेल तर मी नुसता अंदाज करणार, आणि अंदाजावर तुमची आणखी एक बॅच लावायला माझं मन घेत नाही.

राहिला पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न: कॅस्केडऐवजी सिट्रा चालेल का? चालेल, आणि छान लागेल, आंबा आणि लिंबूवर्गी फळांकडे झुकणारी. पण सिट्राचं अल्फा १२ टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा वजनं जशीच्या तशी उचलू नका. सुरुवातीला १८ ग्रॅम घाला, मधले २८ ग्रॅम आच बंद करून वॉर्ट ८० अंशांच्या खाली आल्यावर टाका, आणि शेवटच्या ५ मिनिटांचे आहेत तसेच राहू द्या. आयबीयू पुन्हा ३२-३३ वर येतील.