रांजणाचे पोट तोंडापेक्षा मोठे का?

शाळेच्या भूगोलात नदीच्या खननकार्याचा धडा आला की रांजणखळग्याची आकृती हमखास असायची. खडकात एक खड्डा, तळाशी दोन-तीन गोटे आणि पाण्याचा भोवरा दाखवणारा वळसेदार बाण. ती आकृती मी परीक्षेत कित्येकदा काढली आणि गुणही मिळवले. मात्र तिच्यात आपल्याला न कळलेले बरेच काही आहे, हे भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी, निघोजच्या कातळावर पालथे पडून एका खळग्यात खांद्यापर्यंत हात घातल्यावर लक्षात आले.

आमची क्षेत्रभेट जानेवारीत होती. जुन्नरकडून वाहत येणारी कुकडी इथे पुणे आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून जाते. एका काठाला पारनेर तालुक्यातले निघोज आणि मळगंगेचे देऊळ, तर समोरच्या काठाला शिरूर तालुक्यातली टाकळी हाजी. मधल्या काळ्या बेसॉल्टच्या पात्रात लहानमोठे इतके खळगे आहेत की काही ठिकाणी शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत झिजून फुटली आहे आणि ते एकमेकांत उघडले आहेत. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, हे सरांनी सांगेपर्यंत निम्मा वर्ग फोटो काढायला पांगला होता. मीही पांगणार होते, पण वहीत मोजमापांचा रकाना रिकामा होता आणि तो भरल्याशिवाय जेवण मिळणार नव्हते.

मी निवडलेल्या खळग्याचे तोंड जेमतेम तीन वितींचे होते. आत हात घातला तर भिंत बोटांना लागेना. कडेच्या खाली ती मागे मागे सरकत गेली होती आणि जिथे हाताला लागली, तिथे घोटलेल्या पाटीसारखी गुळगुळीत होती. तळातून सात गोटे वर काढले. पाच काळे, बेसॉल्टचेच. दोन दुधी रंगाचे, गारगोटीचे; त्यांवर चाकूचे पाते ओढले तर गोट्यावर चरा उमटण्याऐवजी पात्याच्याच लोखंडाची करडी रेघ उमटली. बेसॉल्टपेक्षा कठीण असे हे गोटे मूळचे याच लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेले. म्हणजे खडकाला घासणारे हत्यार त्याच खडकाच्या पोटातून निघालेले, याची मला फार गंमत वाटली.

पण खरा प्रश्न त्या मागे सरकलेल्या भिंतीचा होता. गोटे तळाशी फिरतात आणि तळ खरवडतात, असे असेल तर खळगा विहिरीसारखा सरळ खोल जायला हवा. त्याला पोट का सुटावे? आमच्या आकृतीत तर भिंती सरळच असायच्या. ज्या कुणी याला ‘रांजण’ म्हटले, त्याने आकृती काढणाऱ्यापेक्षा नीट पाहिले होते, असे मला त्या क्षणी वाटले. सरांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “घरी जाऊन पातेल्यात पाणी ढवळून बघ, मग बोलू.”

घरी आईचे पातेले, चहाची पूड आणि थोडी जाड रेती घेऊन बसले. ढवळून चमचा काढला की पूड कडेला फेकली जाण्याऐवजी मध्यभागी गोळा होई. फिरत्या पाण्याचा वेग तळाशी घर्षणामुळे कमी पडतो, त्यामुळे बाहेर ढकलणारा जोरही तिथे कमी होतो आणि कडेचा जास्त दाब तळाच्या पाण्याला आत लोटतो. नद्यांच्या वळणांचा विचार करताना आइनस्टाइनने १९२६ मध्ये चहाच्या कपातल्या याच गोष्टीचा दाखला दिला होता, हे नंतर वाचनात आले. माझा गोंधळ मात्र वाढला. सगळे मध्यभागीच जमत असेल तर पोट आणखीच अशक्य!

पुढच्या प्रात्यक्षिकाला मी पातेल्याची हकीकत सांगितली. सर म्हणाले, “तुझी जाड रेती किती हलली?” खरे तर ती फारशी हललीच नव्हती, ढिगासारखी तळ झाकून बसली होती. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गोटे थोडे असतील तर ते तळ झिजवतात, पण जास्त साठले तर तेच तळावर पांघरूण घालतात. मग वाळू मिसळलेल्या गढूळ पाण्याचा मारा चालू राहतो तो उघड्या भिंतीवर, आणि खळगा खोल होण्याऐवजी रुंदावत जातो. झिजवणारे आणि झिजेपासून वाचवणारे गोटे एकच, फरक फक्त संख्येचा आणि पुराच्या जोराचा.

हे स्पष्टीकरण पटते, तरी माझ्या खळग्यात नेमके असेच घडले का, हे त्यावरून सिद्ध होत नाही. सात गोट्यांनी तळ धड अर्धाही झाकला नव्हता. कदाचित पूर्वी तिथे जास्त गोटे असतील आणि एखाद्या मोठ्या पुराने उपसून नेले असतील. खुणेसाठी गोट्यांवर रंग लावण्याची माझी कल्पना सरांनी ताबडतोब मोडीत काढली. देवाच्या कुंडात रंगरंगोटी नको, हे म्हणणे रास्तच होते. म्हणून फेब्रुवारीत पुन्हा जाऊन सातही गोट्यांचे मोजपट्टीसह फोटो काढले, लांबी-रुंदी टिपली आणि ते होते तसे परत ठेवले. त्यांतल्या एका गारगोटीवर तांबूस पट्टा आहे, ती कुठेही ओळखू येईल. पावसाळ्यात माणिकडोह आणि येडगाव धरणांतून पाणी सुटले की तिकडे फिरकण्यात अर्थ नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतल्या एसटीचे वेळापत्रक आतापासूनच वहीत लिहून ठेवले आहे.